दम लागण्याआधीचे सात दिवस

(फैजपूर इथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजच्या विषयाचं नाव जरा भारदस्त आहे. रोजच्या वापरातले सेन्सर, कृत्रिम बुद्धिमत्ता आणि फुफ्फुसांचे आजार. पण सुरुवात मी घरापासून करतो.

आमच्या मोठ्या मायला दमा होता. म्हणजे घरात सगळे त्याला दमाच म्हणायचे. तिने आयुष्यात विडी हातात धरली नाही, पण चूल मात्र सुटली नाही. चुलीत कपाशीच्या काड्या, तुराट्या, पावसाळ्यात ओली लाकडं. तिचा दम उचल खायचा त्याच्या तीन-चार दिवस आधी ती सांगायची, "या खेपेला मला बसवणार दिसतंय रे." कुणी मनावर घ्यायचं नाही, कारण तेव्हा ती चांगली हिंडती-फिरती असायची. फक्त पाण्याच्या दोन खेपा कमी व्हायच्या, आणि रात्री आडवी न होता भिंतीला टेकून झोपायची. मग चौथ्या दिवशी गाडी करून दवाखान्यात न्यायची धावपळ.

आज जगातली मोठी विद्यापीठं मनगटावरच्या घड्याळाला नेमकं हेच शिकवायचा प्रयत्न करताहेत. चालणं कमी झालं का, झोप बदलली का, श्वासाचा वेग वाढला का. म्हणजे मोठ्या मायला जे कळत होतं, ते यंत्राला कसं कळेल. म्हणून आज मी यंत्राचं कौतुक सांगायला उभा नाही. आजाराची चाहूल आधी कुणाला लागली, ती कुणी लिहून ठेवली आणि कुणाची लिहिली गेलीच नाही, याचा इतिहास सांगणार आहे.

उचल म्हणजे काय

आधी शब्द स्पष्ट करून घेऊ. आपण सगळ्यालाच दमा म्हणतो, पण डॉक्टर दोन वेगळे आजार मानतात. दम्यात श्वासनळ्या आक्रसतात आणि औषधाने बऱ्याच अंशी पुन्हा मोकळ्या होतात. दुसरा आजार सीओपीडी. त्यात वर्षानुवर्षांच्या धुराने किंवा धुळीने नळ्या आणि फुफ्फुसं कायमची बिघडलेली असतात. दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे. रुग्णाचे बरेच दिवस एकसारखे जातात आणि मग एखाद्या आठवड्यात आजार उचल खातो. सर्दी-पडसं, धूर, थंडीची लाट, औषधाचा खंड, काहीही निमित्त पुरतं.

१९८७ मध्ये कॅनडातल्या विनिपेगचे डॉ. अँथोनिसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही उचल ओळखण्यासाठी तीन खुणा धरल्या. दम वाढला का? बेडका वाढला का? बेडक्याचा रंग पिवळा-हिरवा झाला का? इतकंच. या खुणा आजही जगभर वापरतात. आणि बघा, तिन्हींत यंत्र कुठेच नाही. तिन्हींचं उत्तर रुग्णाकडे आहे.

कानापासून नळीपर्यंत

आता यंत्रांकडे वळू. १८१६ मध्ये पॅरिसमध्ये लाएनेक या डॉक्टरने कागदाची गुंडाळी करून रुग्णाच्या छातीला लावली आणि तिच्यातून आवाज ऐकला. तो पहिला स्टेथोस्कोप. छातीतली शिट्टी, बुडबुड, करकर, यांना त्याने नावं दिली. १८४६ मध्ये लंडनच्या जॉन हचिन्सनने स्पायरोमीटरवरचं आपलं काम प्रसिद्ध केलं. त्याने दोन हजारांहून अधिक माणसांना त्या यंत्रात फुंकायला लावलं आणि माणसाची उंची व फुफ्फुसांत मावणारी हवा यांचा संबंध दाखवला. आता हे 'दोन हजार माणसं' लक्षात ठेवा, कारण त्यांच्याकडे आपल्याला परत यायचंय. यंत्र कुणावर तपासलं, हा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

मग १९५९ मध्ये बी. एम. राइट आणि मॅकेरो यांनी पीक फ्लो मीटर आणलं. राइट काम करत होता वेल्समध्ये, कोळशाच्या खाणकामगारांच्या फुफ्फुसांवर संशोधन करणाऱ्या केंद्रात. जोरात एकदा फुंकायचं, काटा सरकतो, आकडा मिळतो. पुढे त्याची प्लास्टिकची, हातात मावणारी आवृत्ती आली आणि पहिल्यांदाच फुफ्फुसांचं माप दवाखान्यातून घरी आलं.

घरी आलं, हे महत्त्वाचं. कारण डॉक्टर रुग्णाला बघतो महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, आणि उचल येते मधल्या दिवसांत. मधले दिवस बघणारा कुणीतरी पाहिजे होता.

लंडनच्या छोट्या वह्या

डिसेंबर १९५२. लंडनवर पाच दिवस धूर आणि धुकं असं दाटलं की भरदिवसा रस्ता दिसेना. सुरुवातीच्या हिशेबातच सुमारे ४,००० जादा मृत्यू धरले गेले. कोळशाच्या धुरावर निर्बंध घालणारा कायदा तिथे १९५६ मध्ये झाला. पण डॉक्टरांपुढे एक प्रश्न उरला. मृत्यूंचा आकडा नंतर कळतो. त्याआधी, रोजच्या रोज, माणसांच्या छातीवर काय परिणाम होतो ते कसं कळणार?

पॅट्रिक लॉदर नावाच्या डॉक्टरने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फार साधी युक्ती काढली. जुनाट खोकल्याच्या रुग्णांना एकेक छोटी वही दिली. रोज एकच नोंद करायची. आज बरं आहे, तसंच आहे, की वाईट आहे. मग या वह्या हवेतल्या धुराच्या आणि सल्फर डायऑक्साइडच्या रोजच्या मोजमापाशेजारी ठेवल्या. ज्या दिवशी धूर चढला, त्या दिवशी 'वाईट' लिहिणाऱ्यांची संख्या चढली. हिवाळ्यामागून हिवाळे हे काम चाललं आणि १९७० मध्ये त्याचा मोठा निबंध प्रसिद्ध झाला.

माझ्या मते, आज ज्याला आपण कृत्रिम बुद्धिमत्तेचा अंदाज म्हणतो, त्याची मुळं या वह्यांत आहेत. एका बाजूला हवेचं मोजमाप, दुसऱ्या बाजूला माणसाची रोजची नोंद, आणि दोन्हींतला संबंध शोधायचा. आज तो संबंध संगणक शोधतो. तेव्हा माणसं कागद-पेन्सिल घेऊन शोधत होती.

पुढचा टप्पा पूर्व लंडनचा. डॉ. विजिका आणि त्यांच्या गटाने सीओपीडीच्या १०१ रुग्णांना अडीच वर्षं रोजनिशी लिहायला लावली आणि रोज सकाळी पीक फ्लो मीटरमध्ये फुंकायला लावलं. एकूण ५०४ वेळा आजाराने उचल खाल्ली. २००० साली निष्कर्ष आले, त्यातल्या दोन गोष्टी सांगतो. एक, पस्तीस दिवस उलटल्यावरही सुमारे चौथा हिस्सा वेळा रुग्णाचा श्वास पूर्वीच्या आकड्यावर आलेला नव्हता. म्हणजे उचल म्हणजे चार दिवसांचं दुखणं नव्हे. ती अंगावर काढली तर माणूस एकेक पायरी खाली उतरत जातो. आणि दुसरी गोष्ट अशी की, उचल येण्याआधीच्या दिवसांत दम, सर्दी, घसा, खोकला यांच्या तक्रारी वाढलेल्या होत्या, पण फुंकण्याचा आकडा तेव्हा ढळलेला नव्हता.

म्हणजे यंत्राच्या आधी माणसाला कळत होतं. आमची मोठी माय खरं सांगत होती.

मनगटावर आणि खिशात

मग सेन्सर कशाला? कारण माणूस रोज लिहीत नाही. पहिले पंधरा दिवस लिहितो, मग वही फडताळात जाते. आणि आपल्याकडे कितीतरी बायका स्वतःचं दुखणं सांगतच नाहीत. घड्याळ मात्र कंटाळत नाही.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये ताकुओ आओयागी यांनी नाडीच्या ठोक्याबरोबर बदलणाऱ्या प्रकाशावरून रक्तातला ऑक्सिजन ओळखायची युक्ती शोधली. तोच आपला पल्स ऑक्सिमीटर. चाळीस-पन्नास वर्षं तो दवाखान्यातच होता. २०२० साली कोविडमध्ये तो आपल्या गल्लीत आला. सप्टेंबर २०२० मध्ये राज्यात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली, तेव्हा आशाताई दारोदार जाऊन बोटाला चिमटा लावून आकडा लिहून घेत होत्या. चौऱ्याण्णव, शहाण्णव हे आकडे तेव्हा आजीबाईंच्याही तोंडी होते. महाग यंत्र घरगुती कसं होतं, ते आपण डोळ्यांनी पाहिलंय.

तैवानमध्ये सीओपीडीच्या ६७ रुग्णांना मनगटी घड्याळं दिली, घरात हवा मोजणारं छोटं यंत्र ठेवलं, आणि फोनवर प्रश्न विचारले. या सगळ्या आकड्यांवरून पुढच्या सात दिवसांत आजार उचल खाईल का, हे संगणकाला ओळखायला शिकवलं. २०२१ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलं की दहापैकी नऊ वेळा अंदाज बरोबर येतो. हे घडतं कसं? संगणकाला फुफ्फुस कळत नाही. त्याला फक्त तुमचा नेहमीचा दिवस कळतो. तुम्ही रोज किती पावलं चालता, झोपेत नाडी किती असते, किती वेळा जाग येते. त्यात फरक पडला की तो म्हणतो, काहीतरी बदललंय. तैवानच्या कामात फक्त २५ वेळा आजाराने उचल खाल्ली होती, हेही लक्षात ठेवलं पाहिजे. पंचवीस उदाहरणांवरून शिकलेला विद्यार्थी हुशार असेल, पण त्याने जग पाहिलेलं नाही.

आपल्या महाराष्ट्रातही काम झालंय. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमधल्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या एमआयटीच्या रिचर्ड फ्लेचर यांच्या गटाबरोबर काम केलं. फोनला जोडायचा स्टेथोस्कोप, पीक फ्लो मीटर आणि प्रश्नावली, असा संच. २०१६ मध्ये त्यांनी २८४ रुग्णांच्या छातीवर अकरा ठिकाणी घेतलेल्या अकरा हजारांहून अधिक आवाजांवर संगणकाला शिकवलं. शिट्टी त्याला बऱ्यापैकी ओळखू आली, करकर तितकीशी नाही. आणि गंमत अशी, या हजारो आवाजांपैकी 'ही शिट्टी, ही करकर' असं लिहिलेले आवाज फक्त ८९० होते. ते ऐकून लिहायला अनुभवी कान लागतात. लाएनेकचा कान इथेही सुटला नाही. मात्र हे काम आजार ओळखण्याचं होतं, उचल आधी सांगण्याचं नव्हतं. दोन्हींत फरक आहे.

घंटा वाजली, पुढे काय?

समजा घंटा वाजली. पुढे काय? या प्रश्नाने भल्याभल्यांची गाडी अडली आहे.

स्कॉटलंडमध्ये डॉ. हिलरी पिनॉक आणि सहकाऱ्यांनी २५६ रुग्ण घेतले. सगळ्यांना चांगले उपचार होतेच. निम्म्यांच्या घरी रोज आकडे पाठवणारी यंत्रणाही बसवली. वर्षभर पाहिलं. २०१३ मध्ये निकाल आला. दवाखान्यात भरती होण्याची वेळ दोन्ही गटांत जवळजवळ सारखीच. नुसत्या यंत्रणेने काही लांबलं नाही. हे प्रामाणिकपणे छापलं गेलं, म्हणून आपल्याला आज माहीत आहे.

यात खोट्या घंटेचाही हिशेब आहे. समजा, एखाद्याला वर्षातून दोनदा उचल येते. म्हणजे आधीचा एकेक आठवडा धरला तर चौदा दिवस धोक्याचे आणि साडेतीनशे दिवस बरे. आता यंत्र बऱ्या दिवसांत शंभरातून नव्वद वेळा बरोबर गप्प राहतं असं धरा. तरी पस्तीस वेळा ते उगाच ओरडणार. कोल्हा आला रे आला, पस्तीस वेळा. छत्तिसाव्या वेळी घरातलं कोण उठेल? म्हणून 'नव्वद टक्के अचूक' असं वाचलं की विचारायचं, वर्षात खोट्या घंटा किती वाजणार?

ज्यांची नोंदच नाही

आता आपल्याकडे येऊ. इथल्या केळीवाल्यांना मी एक गोष्ट समजावून सांगायची गरज नाही. हवामानावर आधारित फळपीक विमा कशावर ठरतो? महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या आकड्यावर. बाग तुमची, थंडीने किंवा वाऱ्याने नुकसान तुमचं, पण आकडा त्या केंद्राचा. केंद्र आणि बाग यांत अंतर असलं की भांडण होतं. सेन्सर कुठे बसवलाय, यावर न्याय ठरतो. हे रावेर-यावलचा शेतकरी कुठल्याही इंजिनिअरपेक्षा चांगलं जाणतो.

फुफ्फुसांचंही तसंच आहे. लंडनच्या वह्यांतला माणूस कोळशाच्या धुरातला, बहुधा सिगारेट ओढणारा. आपल्या घरातली रुग्ण विडी न ओढलेली बाई. १९५९ मध्येच डॉ. पद्मावती यांनी दिल्लीच्या रुग्णांवर निबंध लिहिला होता. फुफ्फुसांच्या जुनाट आजाराने हृदय बिघडलेल्या रुग्णांत बायका मोठ्या संख्येने होत्या, आणि त्यांनी बोट दाखवलं ते स्वयंपाकाच्या धुराकडे. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईत केईएम रुग्णालयाच्या डॉ. एस. आर. कामत यांनी परळ, चेंबूर, खार अशा वस्त्यांची आणि ग्रामीण भागाची तुलना करून हवेचा छातीवरचा परिणाम पाहिला. २००९ मध्ये पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी 'लॅन्सेट'मध्ये मांडलं की जगातल्या सीओपीडीच्या रुग्णांपैकी २५ ते ४५ टक्के लोकांनी कधीच धूम्रपान केलेलं नाही. २०१८ च्या 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मधल्या अभ्यासाप्रमाणे भारतात १९९० साली सीओपीडीचे २ कोटी ८१ लाख रुग्ण होते, ते २०१६ साली ५ कोटी ५३ लाख झाले.

इतके रुग्ण आपले, आणि यंत्र शिकतंय तैवानच्या ६७ माणसांवर. मी त्यांना नावं ठेवत नाही. त्यांनी त्यांचं काम चोख केलं. पण यंत्र ज्याला पाहत नाही, त्याला ओळखत नाही. पल्स ऑक्सिमीटरचंच बघा. २०२० मध्ये अमेरिकेत मिशिगनच्या डॉक्टरांनी दाखवलं की काळ्या रुग्णांमधला खरोखर कमी झालेला ऑक्सिजन या यंत्राकडून गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा निसटत होता. कातडीचा रंग गडद, म्हणून प्रकाशाचं गणित चुकलं. इतकी वर्षं यंत्र वापरात होतं आणि फार थोड्यांनी तिकडे लक्ष दिलं होतं. हचिन्सनच्या दोन हजार माणसांपासूनचा प्रश्न तोच.

खानदेशाचं वर्षही निराळं आहे. मे महिन्यात पंचेचाळीसच्या पुढे पारा, तेव्हा कोण पावलं चालणार? घड्याळ म्हणेल, आजारी पडली. कापूस वेचणीत बाई दिवसभर वाकलेली, तिची पावलं वेगळी. जिनिंगमध्ये काम करणाऱ्याची छाती हंगामात वेगळी. आणि हिवाळ्यात आपण भरताची वांगी काड्यांवर भाजतो, तेव्हा परसात हवा मोजणारं यंत्र ठेवलं तर ते बोंब मारेल. (हशा) हसण्यावारी नेऊ नका. खरा धूर कुठला, सणाचा धूर कुठला, हे यंत्राला आपणच सांगायचं आहे. त्यासाठी आपल्या बायकांचे दिवस कुठेतरी नोंदले गेले पाहिजेत, आणि त्यांच्या परवानगीने. घड्याळातली माहिती विमा कंपनीच्या किंवा मालकाच्या हाती गेली, तर आधाराऐवजी फास होईल.

शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं संशोधन केंद्र आजूबाजूच्या गावांची आरोग्याची नोंद वर्षानुवर्षं ठेवतं. पिनॉक ज्या एडिंबरा विद्यापीठाच्या, त्याच विद्यापीठाबरोबर श्वसनाच्या आजारांवरही तिथे काम झालंय. म्हणजे खेड्यात हे होऊ शकत नाही, असं नाही.

फैजपूरची आठवण

आणि खेड्याचं म्हणाल, तर फैजपूरला वेगळं सांगायला नको. डिसेंबर १९३६. काँग्रेसचं पन्नासावं अधिवेशन, खेड्यात भरलेलं पहिलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावातल्या साध्या वस्तूंतून नगर सजवलं. गांधीजींचा आग्रह होता की देशाचा विचार खेड्यात येऊन करा, खेड्यातल्या साधनांनी करा. ग्रामोद्योगाचं प्रदर्शनही इथे भरलं होतं. त्याच ग्रामोद्योगाच्या विचाराने वर्ध्याला मगनवाडी चालली होती आणि स्वातंत्र्याच्या सुमारास 'मगन चूल' हे बिनधुराच्या चुलीचं नाव पुढे आलं. १९८० च्या दशकात सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली.

हे शेवटी मुद्दाम सांगतो. उचल आधी कळणं चांगलंच, पण धूर मुळात कमी होणं त्याहून चांगलं. चुलीपुढे बसलेल्या बाईच्या मनगटावर महागडं घड्याळ बांधायचं आणि चूल तशीच धुमसत ठेवायची, हा शहाणपणा नव्हे.

मग आज आपण काय करायचं? घड्याळाची वाट बघू नका. ज्यांच्या घरी दम्याचा किंवा सीओपीडीचा रुग्ण आहे, त्यांनी एक शंभर पानी वही घ्या. रोज रात्री घरातल्या शाळकरी पोराने तीन प्रश्न विचारायचे. आज दम कालच्यापेक्षा जास्त लागला का? बेडका वाढला का, रंग बदलला का? रात्री झोप लागली का? आणि उत्तर लिहायचं. दोन दिवस सलग 'वाईट' आलं, तर काय करायचं, हे आपल्या डॉक्टरांकडून बऱ्या दिवसांतच कागदावर लिहून आणा. बोलताना वाक्य तुटायला लागलं, ओठ निळसर दिसले, तर वहीत लिहीत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

ही वही उद्या कुठल्या संशोधकाला लागली, तर तिच्यात खानदेशातल्या एका बाईचे तीनशे पासष्ट दिवस असतील. नाही लागली, तरी घरात निदान एक माणूस रोज तिला विचारत असेल, आज दम कसा आहे. आमच्या मोठ्या मायला कुणी विचारत नव्हतं. ती आपणहून सांगायची, आणि आम्ही ऐकत नव्हतो.

वेळ संपली आहे. वहीबद्दल कुणाला काही विचारायचं असेल, तर मी इथे खालीच बसलोय.